जॅक बेंजोवाला

जॅकची आणि माझी ओळख भांडणाने झाली. आमच्या पेणच्या घरामागे मोठं अंगण आहे आणि उन्हाळाभर तिथे खाटांवर पोह्याचे पापड वाळत असतात. तोच माझा धंदा. अंगणाला लागून एक पत्र्याचा गाळा आहे. तो आमच्या ह्यांनी मला न विचारता भाड्याने देऊन टाकला. कोणाला दिला म्हणून विचारलं तर म्हणाले, सुतारकाम करतो, शांत माणूस आहे. दुसऱ्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने पापडाचं पुडकं परत आणलं. पापडावर तिळासारखं काहीतरी होतं, आणि मी पापडात तीळ घालत नाही. तो सागवानाचा भुसा होता.

मी पदर खोचून गाळ्यात गेले. आत एक उंच, हाडकुळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस बसला होता. केसांची मागे शेपटी, कानाला भोक पण बाळी नाही. मांडीवर एक लांबट लाकडी पेटी, आणि हनुवटी त्या पेटीवर टेकलेली. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने मान न उचलता सगळं ऐकून घेतलं. मग घसा खरवडून काढल्यासारख्या आवाजात म्हणाला, भुशाचं बघतो वहिनी, पण तुमच्या मिरचीचं काय? सकाळपासून शिंकतोय, एक तार लागत नाय.

मी म्हटलं, पेणात माणसं मिरचीला शिंकत नाहीत, शिंकायचंच असेल तर दुसरं गाव बघ. त्याने गाव बदललं नाही. संध्याकाळी गाळ्याला आतून ताडपत्री मात्र लावली. मी मिरची कुटायची जागा पुढच्या पडवीत हलवली. पण ताडपत्री वाऱ्याने फाटायची आणि मिरचीचा खकाणा पडवीतूनही जायचा, त्यामुळे आमचं बोलणं कधी बंद पडलं नाही.

त्याचं खरं नाव जयवंत. जॅक हे नाव बँडमधल्या मित्रांनी ठेवलेलं, आणि गाळ्यावर त्याने पाटी लावली तीही ‘जॅक म्युझिकल्स’. आमची गल्ली हायवेपासून लांब नाही. टायर पंक्चर झालेला एखादा ड्रायव्हर पाटीवरचा पहिला शब्द वाचून आत शिरायचा आणि जॅक मागायचा. सुरुवातीला तो समजावत बसायचा, की जॅक म्हणजे मीच. ड्रायव्हर त्याला शेपटीपासून चपलेपर्यंत न्याहाळून निघून जायचे. शेवटी भंगारातून गाडीचा एक जॅक आणून त्याने दाराशी ठेवला आणि मागेल त्याला देऊ लागला. पाटी बदल म्हटलं तर म्हणायचा, आता काय, आता पाटी खरी झाली.

तो बेंजो बनवायचा. आमच्याकडच्या माणसाला बेंजो काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. हातभर लांब लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आवाज वायरीतून मोठ्या स्पीकरला जातो आणि तिथून अख्ख्या गावाच्या छातीत. आगरी-कोळ्यांची हळद आणि गणपतीचं विसर्जन बेंजोशिवाय होत नाही. जॅक बँडमध्ये होता तेव्हा गिटारवाल्याचं पाहून पाहून आवाज उचलणारं यंत्र स्वतः बनवायला शिकला होता. केसासारखी बारीक तांब्याची तार तो तासन्‌तास गुंडाळत बसायचा, आणि त्या वेळी कुणी हाक मारली तर ऐकूच आली नाही असं दाखवायचा. पेण तालुक्यातल्या बऱ्याच वाजंत्री पार्ट्या त्याचेच बेंजो वाजवत.

बेंजो तयार झाला की तो कानाने कमी आणि हनुवटीने जास्त ऐकायचा. लाकडावर हनुवटी टेकायची, डोळे मिटायचे, तार छेडायची. “कान गोडबोल्या असतो वहिनी, हाड खोटं बोलत नाय,” असं त्याचं म्हणणं. घ्यायला आलेल्या पोरांनाही तो हनुवटी टेकायला लावायचा. दाढी वाढवलेली, गॉगल घातलेली ती पोरं ओळीने वाकून पेटीला हनुवट्या टेकत आहेत हे दृश्य मी पापड उलटता उलटता कितीदा पाहिलं. पोरांना बेंजोवर चमचमणारे दिवे हवे असत. तो विचारायचा, पेटी वाजवायचीय का ओवाळायचीय?

गमत्या होता, पण एका बाबतीत त्याच्याशी गंमत चालत नसे. गाणं. एके काळी तो मुंबई-पुण्याला बँडमध्ये गायचा हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो सूरही लावत नाही हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गणपतीच्या आरतीला यायचा, टाळ्या वाजवायचा, ओठ मात्र शिवल्यासारखे. एकदा ह्यांनी लाडात येऊन म्हटलं, जॅकशेठ, आज एक होऊन जाऊ दे. तो चपला घालून निघून गेला आणि पुढे कितीतरी दिवस ह्यांच्या नमस्काराला त्याने नमस्कार केला नाही. मला राग आला होता. एवढं काय झालं, असं मला वाटलं.

एवढं काय झालं होतं ते मला जवळच्या गडब गावच्या बेबीमुळे कळलं. बेबी माझ्याकडे पापड लाटायला यायची. एका दुपारी जॅक नवा बेंजो लावत होता. वायर न जोडता, नुसत्या तारांवर, एक संथ चाल वाजवत होता. तीच ती चार पावलांची चाल फिरून फिरून येत होती. मला ती आवडायची, मी तिच्यावर पापड उलटायचे. बेबीचं लाटणं एकदम थांबलं.

“वहिनी, ह्यो धवला हाय,” ती म्हणाली. “मांडव नाय, नवरी नाय, आन्‌ ह्यो धवला वाजवतोय.”

मग तिने सांगितलं. त्यांच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती बाई गाऊन लग्न लावते. धवल्यात ती आधी देवांना आवतण देते, मग गावदेवीला, मग खाडीला, आणि मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. ती ओळ सोडते आणि मागे बसलेल्या बाया ती ओळ झेलतात. झेलणं हाच शब्द. झेलली नाही तर ओळ खाली पडते, आणि खाली पडलेल्या ओळीवर पुढची ओळ चढत नाही. पुरुषाने धवला म्हणायचा नाही आणि लग्नाशिवाय तो कुणीच म्हणायचा नाही.

“आन्‌ ह्याचीच आय आमच्या गावची धवलारीण हाय,” बेबी म्हणाली. “यमुनाआजी. ह्याच्याशी बोलत नाय ती.”

जॅक लहानपणी आईच्या पदराला धरून मांडवामांडवांत फिरलेला. सगळे धवले त्याला पाठ. पुढे बँड झाला, इंग्रजी झालं, हिंदी झालं, पण नाव होईना. मग एका कार्यक्रमात त्याने आईचा धवला गिटारवर घेतला. ढोल, किंकाळ्या, अंगातला शर्ट काढून फेकलेला, आणि समोर बिअरचे ग्लास धरून नाचणारी पोरं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गाणं गाजलं. गाजलं म्हणून मोबाइलमधून गडबलाही पोचलं. यमुनाआजीने ते अंगणात बसून, शेजारच्या पोराच्या हातातल्या फोनवर पाहिलं. तिच्या सासूचं नाव, तिच्या आईचं नाव, ज्या मेलेल्या माणसांना ती लग्नात बोलावते त्यांची नावं तिचा उघडाबंब लेक ओरडत होता. बोलावलं होतं, पण तिथे लग्न नव्हतं.

त्याच वर्षी त्याच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आवाज मात्र गेला. बँड त्याच्याविना पुढे गेला. मी ह्या गोष्टींचा संबंध लावत नाही. किंचाळून किंचाळून गळ्याला गाठी येतात हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण जॅक लावायचा. मी त्याला त्या चालीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शब्द कुठं म्हणतोय मी? शब्द म्हटले तर धवला. नुसता सूर कुणाच्या मालकीचा नाय.” हे तो मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होता.

एकदा मी त्या मायलेकांना एका छपराखाली पाहिलं. पोह्यांसाठी भात बघायला आम्ही दोघं गडबला निघालो होतो आणि जॅकही निघाला होता, त्याच्या मुलीला, केतकीला भेटायला. केतकीची आई सुरेखा ती पोर तीन-चार वर्षांची असताना तापाने गेली. पोरीला यमुनाआजीने वाढवलं आणि जॅक दर रविवारी जेवायला जायचा. चला, तुम्हीपण जेवा, म्हणाला.

आजी बुटकी, काटक, नऊवारी गुडघ्यावर आवळलेली. आमचं तिने छान केलं. कालवणाला तोड नव्हती. पण माझं लक्ष जेवणात लागेना, कारण ती लेकाला वाढत होती आणि त्याच्याशी बोलत नव्हती. “केतकी, त्याला इचार, भात घालू का.” केतकी म्हणायची, बाबा, भात? तो म्हणायचा, आजीला सांग, थोडा. दोघांच्यात हातभर अंतर. आणि भात घातला तो थोडा नव्हता, त्याला लागतो तेवढाच होता. केतकी तेव्हा नर्सिंगला होती. ती हे निरोप इतक्या सहज इकडून तिकडे करत होती की मला रडू आलं. मी तिखटाचं निमित्त केलं.

निघताना आजीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “माझं गाणं त्यानं बाजारात नेलं. आता जे उरलंय ते त्याच्या पेट्या खातायत. हळदीला बसते मी, तोंड उघडते, आन्‌ पोरं पेटी चालू करतात. माझं मला ऐकू येत नाय गो.”

बेंजोला ती पेटीच म्हणायची. मी परत येताना हे जॅकला सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं, आणि तरी तो सोमवारी सकाळी तांब्याची तार गुंडाळायला बसला. करणार काय? हातात तीच एक कला उरली होती.

केतकीचं लग्न रोह्याला ठरलं. मुलगा कंपनीत शिफ्टला जाणारा, सरळ. हळद आमच्याच अंगणात करायचं ठरलं, मी खाटा उचलून दिल्या. आणि तिथून जॅकची खरी कोंडी सुरू झाली. आजीने केतकीकरवी निरोप पाठवला: मांडवात त्याची पेटी असेल तर मी पाऊल ठेवणार नाही. इकडे जोहे गावची बेंजो पार्टी होती. वर्षभर गणपतीच्या मूर्ती घडवणारी आणि लग्नसराईत बेंजो वाजवणारी ती पोरं. जॅकचा पहिला बेंजो त्यांनीच घेतलेला, त्याला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा. तेव्हाच त्याने शब्द दिला होता, केतकीच्या हळदीला तुम्हीच. त्यांचा म्होरक्या प्रवीण. त्याने त्या दिवशीच्या दोन सुपाऱ्या सोडल्या होत्या आणि तालुकाभर सांगत सुटला होता की जॅकशेठच्या घरची हळद आपण वाजवणार.

जॅकने काय करावं? त्याने दोघांनाही होय म्हटलं. आईला निरोप, पेटी नसेल. प्रवीणला निरोप, चार वाजता या. मला हे कळलं तेव्हा मी त्याला गाळ्यात जाऊन झाडला. म्हटलं, अरे, त्या दिवशी एका अंगणात दोघं समोरासमोर येतील तेव्हा तू काय करणार आहेस? तो तार गुंडाळत राहिला. म्हणाला, “आय आली नाय तर सुरेखाला कोण बोलावणार, वहिनी? केतकीनं एकच मागितलंय. आईला मांडवात बोलवा.” लग्नाआधीच्या त्या आठवड्यात त्याने एकही बेंजो पुरा केला नाही.

हळदीच्या दिवशी चारच्या आधीच जोह्याचा टेम्पो आला. स्पीकरची भिंत, दिवे, एकसारख्या रंगाचे शर्ट. पोरं स्पीकर उतरवायला लागली तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गडबहून आलेली मिनीडोर रिक्षा थांबली. आत यमुनाआजी. तिने टेम्पो पाहिला आणि ती बसल्या जागेवरून हललीच नाही. ड्रायव्हर म्हणाला, आजी, उतरा. तिने पैसे त्याच्या हातात दिले आणि गडबला परत चल म्हणाली.

जॅक दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभा होता. त्याला इकडे जाता येईना आणि तिकडेही. माझ्या हातात हळदीची वाटी होती आणि ती मी का धरून उभी आहे ते मला आठवेना. सोयरे रोह्याहून अजून यायचे होते तेवढंच नशीब. मग केतकी आली. पिवळी साडी नेसलेली, अनवाणी. ती बापाच्या शेजारून गेली, मिनीडोरशी थांबली आणि हळू बोलली. एवढंच ऐकू आलं, की आजी, आईला बोलवायचं हाय.

आजी उतरली. लेकाकडे न बघता मांडवात जाऊन बसली. जॅक टेम्पोकडे गेला आणि त्याने मुख्य वायरच उपसून गळ्यात अडकवली. प्रवीण भडकला. पोरांदेखत बोलला, की आम्हाला काय शोभेला बोलावलंत? आता असेच परत गेलो तर तुमची पेटी तालुक्यात कोण घेतो ते बघतो. जॅक म्हणाला, उद्या बघ. आज तिचं होईपर्यंत आवाज नाय. वायर त्याने सोडली नाही.

आजीने हळद दळायच्या जात्यावर हात ठेवला आणि पहिली ओळ सोडली. इतक्या लहान कुडीतून एवढा सूर येईल असं मला वाटलं नव्हतं. ओळ मांडवभर गेली, आणि कुणी झेलली नाही. तिच्यामागे बसून जन्मभर झेलणारी ताराबाई गेल्या पावसाळ्यात गेली होती. आता मागे बसल्या होत्या त्या माझ्या पापडवाल्या आणि केतकीच्या मैत्रिणी. मैत्रिणींना डीजेवरची सगळी गाणी पाठ. बेबीने प्रयत्न केला, पण अर्ध्यात शब्द चुकला आणि ती तोंडाला पदर लावून बसली. आजीने पुन्हा ओळ सोडली. पुन्हा पडली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी अपशकुन हा शब्द बोललंच.

तेव्हा मांडवाच्या खांबामागून ती ओळ कुणीतरी झेलली. खरखरीत, फुटका, मधेच हवा सुटणारा आवाज. इतक्या वर्षांत मी तो गाताना पहिल्यांदा ऐकला. जॅक डोळे मिटून उभा होता. सूर नेमका होता पण गळा साथ देत नव्हता. टेम्पोजवळचा कुणी पोरगा हसला, एकाने शिट्टी मारली.

आजीचा हात जात्यावर थांबला. ती केतकीला म्हणाली, “त्याला सांग, बाप्यानं धवला झेलायचा नसतो.”

केतकी रडत होती, आणि ह्या वेळी तिने निरोप पोचवला नाही. निरोप सगळ्यांनी ऐकला होता. जॅकने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्या म्हातारीचा इतका संताप आला, की उठून बोलणार होते. लग्न कुणाचं, मान कुणाचा, काय चाललंय काय. पण आजी विचार करत होती. ती जात्याच्या खुंट्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

“त्याची पेटी हाय ना टेम्पोत?” ती म्हणाली. “तिला कुठं मिशी हाय? ती झेलील.”

मांडवात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, ती बेबी असावी. प्रवीणने धावत बेंजो आणला आणि सवयीने वायर जोडायला वाकला. आजी म्हणाली, त्या वायरीला हात लावू नको. मग जॅक तिच्यामागे मांडी घालून बसला, जिथे ताराबाई बसायची तिथेच, आणि पेटी मांडीवर घेतली.

वायरीशिवाय बेंजोला आवाज तो किती? चार हातांवर ऐकू येतो, पुढे नाही. आजीने ओळ सोडली. पेटीने झेलली. मागच्या लोकांना ऐकू येईना म्हणून ते पुढे सरकले, आणि पुढे सरकायचं म्हणून गप्प झाले. टेम्पोजवळची पोरंही येऊन उभी राहिली. देव आले, गावदेवी आली, खाडी आली. एका ठिकाणी पेटी पुढे पळाली तेव्हा आजीने मागे न बघता पेटीवर बोटांनी टिचकी मारली.

मग मेलेली माणसं सुरू झाली. सासूसासरे, नवरा, ताराबाईसुद्धा. आणि मग आजीने सुरेखाचं नाव घेऊन ओळ सोडली. पेटी वाजली नाही. जॅकची बोटं बटणांवर होती, पण दाबली जात नव्हती. आजी थांबली. तिने तीच ओळ पुन्हा सोडली, जरा हळू, जेवताना पोराला दुसऱ्यांदा वाढावं तशी. मी मनात म्हणत होते, दाब रे बाबा, दाब. तिसऱ्या वेळी त्याने झेलली. केतकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मी माझी हळदीची वाटी खाली ठेवली.

धवला पुरा झाल्यावर आजी उठली. केतकीला म्हणाली, पेटी बरी झेलते, उतावळी हाय जरा. आणि जेवून, लेकाशी एक शब्द न बोलता, अंधार पडायच्या आत गडबला गेली. त्यानंतर जोह्याच्या पोरांनी वायर जोडली आणि माझ्या स्वयंपाकघरातले डबे फळीवरून खाली पडेपर्यंत वाजवलं. प्रवीणचा राग उतरला होता का ते मला कळलं नाही. वाजवत मात्र जीव तोडून होता.

पुढच्या वर्षी आम्ही तो गाळा पाडून पक्कं गोदाम बांधायला काढलं आणि जॅक रोह्याला मुलीच्या शेजारी राहायला गेला. जाताना गाडीचा जॅक माझ्या दारात ठेवून गेला, म्हणाला, लोक विचारत येतील. तसे येतातही. पापडांवर आता भुसा पडत नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला करमत नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात. रोह्याला पापड पोचवून रेल्वेने परत येत होते. दुपारची वेळ, रखरखीत ऊन. निडी स्टेशनला गाडी थांबली आणि खिडकीतून पाहते तो फलाटावर जॅक. शेपटी आता पांढरी, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली पेटी. मी हाक मारली. तो खिडकीशी धावत आला. म्हटलं, इकडे कुठे? म्हणाला, इथं लग्न हाय, आय गडबवरून आलीय, मी रोह्यावरून. अलीकडे कुठल्याही लग्नाचं आवतण आलं की ती केतकीला फोन करायला लावते, पेटी पाठवून दे म्हणून.

मी म्हटलं, अरे वा, म्हणजे बोलावते तुला.

“मला नाय, वहिनी,” तो म्हणाला. “पेटीला बोलावते. पेटीला एकटीला येता येत नाय, म्हणून मी.” तो हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

बोलते का, असं मी विचारणार होते, तोवर गाडी हलली. फलाटाच्या टोकाला यमुनाआजी काळी छत्री उघडून उभी होती. तो तिच्यापाशी पोचला तशी ती काही न बोलता चालू लागली, आणि चालता चालता तिने छत्री पेटीवर धरली. उन्हाने तारा उतरतात हे तिला कुणी सांगितलं असेल. ती बुटकी, तो उंच, आणि पेटी त्याच्या खांद्यावर. तिचा हात पुरत नव्हता, म्हणून तो कमरेत वाकून, छत्रीखाली डोकं घालून चालला होता.